कारखानदार, एकदा छतावर चढून बघा

एल्कहार्ट, इंडियाना येथील कारखानदार महोदय,

पत्राच्या आरंभी सप्रेम नमस्कार घालायची आमच्याकडे रीत आहे. तो तुम्हाला घालावा असं मला वाटत नाही, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. तुम्ही वाईट आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, बनवता. चांगल्या बनवणं तुम्हाला जमतं, हे मला ठाऊक आहे. तरीही वाईट बनवता, कारण वाईट बनवणं तुम्हाला परवडतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढे लिहिते आहे तो त्याचा पुरावा.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर शेजारच्या शेडमधल्या कारखानदाराला वाटेल, आपण सुटलो. आणि नावात फारसा फरकही उरलेला नाही. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक आरव्ही एल्कहार्ट काउंटी आणि तिच्या आसपासच्या गावांत तयार होतात. गोशेन, मिडलबरी, नॅपनी, वाकारूसा, सगळी तासाभराच्या अंतरातली गावं. थोर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो या तीन समूहांच्या हाती बाजाराचा फार मोठा भाग आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत लहान-मोठे कारखाने एकामागून एक त्यांनी विकत घेतले. आवारात उभ्या असलेल्या पन्नास ट्रेलरवर वीस नावं दिसतात, पण त्यांची चासी, खिडक्या, स्लाइड-आउटची (भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या भागाची) यंत्रणा त्याच मोजक्या पुरवठादारांकडून आलेली असते. गिऱ्हाइकाला वाटतं आपण निवड करतोय. तो निवड करतो ती दारावरच्या पट्ट्यांच्या रंगाची.

मराठीत लिहिते आहे, कारण हे पत्र तुमच्याइतकंच माझ्या माणसांसाठी आहे. डेट्रॉइट, शिकागो, न्यू जर्सी, बे एरिया इथे तीस-पस्तीस वर्षं नोकऱ्या करून निवृत्तीला आलेली मराठी माणसं आता आरव्हीचा विचार करू लागली आहेत. मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं. यलोस्टोन एकदा विमान-हॉटेलच्या धावपळीत बघून झालं, आता सावकाश बघायचं आहे. भारतातून भाऊ-बहिणी येतात. त्यांना स्वतःचं अंथरूण, स्वतःचा कुकर आणि स्वतःचं न्हाणीघर बरोबर घेऊन फिरवायचं असतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणीतरी विचारतंच, “तुमच्याकडे आहे ना आरव्ही? कशी आहे?” आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देत आले. ते पुरत नाही.

मी डेट्रॉइटजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात नोकरी केली. एखादा बोल्ट किती आवळायचा, तो तेवढा आवळला गेला याची नोंद कुठे ठेवायची, आणि नोंद नसेल तर माल दाराबाहेर का जाऊ द्यायचा नाही, यावर माझा संसार चालला. त्यामुळे तुमचा माल हाताळताना मला जो संताप येतो तो फसलेल्या गिऱ्हाइकाचा तर आहेच, पण त्याहून जास्त याच धंद्यात राबलेल्या माणसाचा आहे.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण आरव्ही मरते ती बहुतेक वेळा पाण्याने.

तुमच्या ट्रेलरची भिंत कशी असते ते इथे सांगायला हवं, कारण विक्रेता ते सांगत नाही. बाहेरून चकचकीत फायबरग्लासचा पातळ थर. त्याच्या मागे ल्वान म्हणतात ते अगदी पातळ प्लायवूड. त्यामागे थर्माकोलच्या जातीचा फोम, मध्ये अॅल्युमिनियमची किंवा लाकडाची चौकट, आणि आतल्या बाजूने पुन्हा ल्वान. हे सगळे थर गोंदाने चिकटवून दाबलेले असतात. कोरडी असेपर्यंत ही भिंत हलकी असते, सरळ असते, दिसते छान. मग तिला तुम्ही भोकं पाडता. खिडकीसाठी, दारासाठी, फ्रिजच्या झडपेसाठी, शिडीसाठी, दिव्यांसाठी. स्लाइड-आउटसाठी तर भिंतीचा मोठा चौकोनच कापून काढता. या प्रत्येक ठिकाणी पाणी आणि ल्वान यांच्यामध्ये उभी असते फक्त ब्युटाइल टेपची एक पट्टी आणि सीलंटची एक रेघ. ती रेघ ओढायला मिनिटभर लागतं. ती ओढताना हात घाईत असेल, कोपऱ्यावर बोटभर जागा सुटली असेल, तर पाणी आत जातं आणि ल्वान ते पीत राहतं. महिनोन् महिने बाहेरून काही दिसत नाही. मग एके दिवशी भिंतीवर फुगवटा येतो. बोट दाबलं की आत जातं. तोवर फोमला वास लागलेला असतो, लाकूड कुजलेलं असतं आणि ती भिंत दुरुस्त करायचा खर्च ट्रेलरच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

छताचंही तसंच. वर ईपीडीएम किंवा टीपीओचं रबरी आवरण, खाली पातळ थर प्लायवूडचा. पंख्यासाठी, एसीसाठी, गटाराच्या वायुनळ्यांसाठी, सोलरच्या तारांसाठी पाडलेली भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट. तुमच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की मालकाने दर काही महिन्यांनी छतावर चढून हे सीलंट तपासावं आणि तसं न केल्यास वॉरंटी गेली. आमच्या कोकणातल्या घरी वडील दर उन्हाळ्यात माणूस लावून कौलं चाळून घेत, म्हणून छताची देखभाल मला नवी नाही आणि तिचा कंटाळाही नाही. पण त्या घरावर कौलं चढवणाऱ्या माणसाने पहिल्या पावसाआधी ती नीट चढवली होती. देखभाल ही धडपणे केलेल्या कामाची करायची असते. तुम्ही अर्धवट सोडलेलं काम आमच्या गळ्यात टाकता आणि त्याला देखभाल म्हणता.

आमच्या ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, वर, कोपऱ्यांत छोटे नारिंगी दिवे आहेत. त्यांतल्या एकाच्या मागे सीलंटचा थेंबही नव्हता. दिवा बसवणाऱ्याने दोन स्क्रू आवळले आणि तो पुढच्या ट्रेलरकडे गेला. त्या दिव्याच्या बरोबर खाली आतल्या बाजूला पलंग आहे. कोल्हापूरहून आलेली बहीण आणि मेहुणे त्या पलंगावर झोपले होते. लेक सुपिरियरच्या काठावर रात्री पाऊस लागला. बहिणीने उशी ओली झाल्याचं सकाळपर्यंत सांगितलं नाही, पाहुणी ना ती! नव्या कोऱ्या ट्रेलरमध्ये तिला वाटलं आपल्याच हातून पाणी सांडलं असेल. कारखानदार महोदय, तुमचा एक थेंब सीलंट वाचला. माझ्या पाठच्या बहिणीने माझ्या घरात रात्रभर ओल्या उशीवर डोकं ठेवलं. हे मी विसरणार नाही.

त्यानंतर मी तो ट्रेलर आपल्या पद्धतीने उघडून बघायला सुरुवात केली. मोरीच्या खालच्या सांडपाण्याच्या नळीची चकती हातानेही पूर्ण आवळलेली नव्हती. भट्टीची गरम हवा नेणारी नळी एका टोकाला जोडलेलीच नव्हती, त्यामुळे न्हाणीघरात जायची ऊब फरशीखालच्या पोकळीत जात होती. फळ्यांच्या मागे लाकडाचा भुसा आणि तुटक्या स्टेपल पिना साचल्या होत्या. एक स्क्रू विजेच्या तारेच्या इतका जवळून गेला होता की तारेचं वेष्टण सोललं होतं. यातलं एकही काम अवघड नाही. नवशिक्या माणसाला अर्ध्या दिवसात शिकवता येईल असं प्रत्येक काम. आणि तारेचा अपवाद सोडला तर दारातून बाहेर पडण्याआधी कुणी नळ सोडला असता, भट्टी पेटवली असती, हात फिरवला असता, तर प्रत्येक दोष सापडला असता.

मग कुणी तो हात का फिरवला नाही, या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हजेरीपटात आहे. तुमच्या अनेक कारखान्यांत मजुरी तासावर मिळत नाही, आकड्यावर मिळते. जुळणीच्या ओळीवरच्या गटाने दिवसाला इतके ट्रेलर पुरे करायचे. ते पुरे झाले की दिवस संपला. पहाटे पाच-सहाला सुरू झालेलं काम दुपारी लवकर आटोपतं आणि माणसं घरी जातात. जो गट जितका वेगात, त्याची तासाची कमाई तितकी जास्त. आता त्या ओळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. चकती नीट बसली नाही हे त्याला दिसलं. ती पुन्हा बसवायला तो थांबला तर मागचे सगळे खोळंबतात, आणि त्या खोळंब्याचे पैसे त्याच्या, त्याच्या भावाच्या, त्याच्या शेजाऱ्याच्या खिशातून जातात. चांगलं काम करणाऱ्याला तुम्ही त्याच्याच सोबत्यांच्या नजरेत गुन्हेगार ठरवता. पाट्या टाकणाऱ्याला तुम्ही लवकर घरी सोडता.

म्हणून कामगारांना दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. आरव्हीवाल्यांच्या गप्पांत हे फार ऐकू येतं: हल्लीच्या माणसांना कामाची लाज नाही, वगैरे. तुमच्या ओळीवर आमिश समाजाची पुष्कळ माणसं काम करतात. जवळच्या शिपशेवाना गावाच्या आसपासच्या रस्त्यांवरून एकदा जाऊन या. त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली धान्याची कोठारं, घरं, फर्निचर बघा. सांधा न् सांधा मिळालेला असतो. तेच हात तुमच्या शेडमध्ये आल्यावर वाकडी फळी ठोकून पुढे जातात, तर दोष हाताचा कसा?

आणि इंडियानाचीच गोष्ट सांगते. याच राज्याच्या दक्षिण टोकाला प्रिन्स्टन नावाचं गाव आहे. तिथे १९९८ पासून टोयोटाचा कारखाना चालू आहे. टोयोटाच्या पद्धतीत ओळीवरच्या कुठल्याही कामगाराला काही चुकलं असं वाटलं, तर त्याने दोरी ओढायची. मदतीला माणूस धावत येतो. दोष वेळेत दूर झाला नाही तर ओळ थांबते. दोरी ओढणाऱ्याचा पगार कापत नाहीत. एकच राज्य, त्याच शाळांतून शिकलेली माणसं, तीच हिवाळ्याची पहाट. एका ठिकाणी थांबणं हे कामाचा भाग आहे, दुसऱ्या ठिकाणी थांबणं हे नुकसान आहे. हा फरक कामगाराने केलेला नाही, मालकाने केला आहे. तुम्ही केला आहे.

तुमच्या बाजूने बोलणारे दोन मुद्दे नेहमी मांडतात. पहिला करोनाचा. २०२० च्या वसंतात कारखाने काही आठवडे बंद होते, मग अचानक अख्ख्या देशाला आरव्ही हवी झाली, भाग मिळेनात, माणसं मिळेनात. खरं आहे. २०२१ मध्ये या उद्योगाने ६ लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पाठवल्या, आजवरचा उच्चांक. दोन वर्षांत, २०२३ मध्ये, तो आकडा ३ लाख १३ हजारांच्या आसपास आला. म्हणजे निम्मा. मागणी ओसरली, घाई ओसरली, भाग मिळू लागले. मग त्या निम्म्या आकड्याच्या ट्रेलरवर दुप्पट वेळ का दिला गेला नाही? कारण आकडा उतरला की तुम्ही माणसं कमी करता. चढला की रस्त्यावरून माणसं उचलता. २००६ मध्ये ३ लाख ९० हजार आरव्ही बाहेर पडल्या होत्या, २००९ मध्ये फक्त १ लाख ६५ हजार. त्या वर्षी एल्कहार्टची बेकारी २० टक्क्यांच्या घरात गेली आणि नवे अध्यक्ष ओबामा फेब्रुवारीतच तुमच्या गावी आले होते. त्या मंदीत गेलेले जुने हात सगळेच परत आले नाहीत. कसब असं दर काही वर्षांनी गेटाबाहेर काढलं तर ओळीवर शिल्लक काय राहणार? ज्याने दहा वर्षं छतं सील केली आहेत त्याला कुठे पाणी शिरतं हे डोळे मिटून कळतं. तो माणूस तुमच्या हिशेबात कुठेच नाही. महाग वाटतो, म्हणून पहिला जातो.

शिवाय करोनाच्या आधीही हेच होतं. २००५ च्या कतरिना वादळानंतर फेमाने, म्हणजे केंद्राच्या आपत्ती निवारण संस्थेने, बेघरांसाठी सुमारे १ लाख ४५ हजार ट्रेलर आणि फिरती घरं विकत घेतली. तेव्हाही घाई होती, मागणी प्रचंड होती. त्या ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांचे डोळे चुरचुरू लागले, नाकातून रक्त येऊ लागलं, मुलांच्या दम्याच्या तक्रारी आल्या. २००८ मध्ये सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेने तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले तेव्हा हवेत फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण सरासरी ७७ पीपीबी (एक अब्ज भागांत ७७ भाग) निघालं, साध्या घरांच्या कितीतरी पट. स्वस्त दाबलेल्या लाकडातून तो वायू निघत होता. घर वाहून गेलेल्या माणसांना तुमच्या धंद्याने असं घर दिलं होतं. २०१२ मध्ये ट्रेलर बनवणाऱ्या आणि बसवणाऱ्या कंपन्यांनी मिळून सुमारे ४ कोटी २६ लाख डॉलरची तडजोड केली. त्यानंतर दाबलेल्या लाकडातल्या फॉर्मल्डिहाइडवर केंद्राचे नियम आले आणि ते आरव्हीलाही लागू झाले. लक्षात घ्या, लाकूड सुधारलं ते कायद्याने. तुमच्या मनाने सुधारलेलं मला अजून काही दिसलेलं नाही.

दुसरा मुद्दा किमतीचा. लोकांना स्वस्त हवं, म्हणून आम्ही स्वस्त देतो, असं तुमचे विक्रेते सांगतात. तीस-चाळीस हजार डॉलर म्हणजे स्वस्त? ही रक्कम लोक पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षांच्या कर्जाने फेडतात. तुमची वॉरंटी बहुतेक वेळा एका वर्षाची असते. हे दोन आकडे शेजारी ठेवा. बँकेला वाटतं ही वस्तू वीस वर्षं टिकेल. बनवणारा, जो तिला सगळ्यात जास्त ओळखतो, तो एका वर्षापलीकडची जबाबदारी घेत नाही. स्वतःच्या मालाबद्दल तुमचं खरं मत काय आहे ते त्या वॉरंटीवर छापलेलं आहे. आणि त्या पैशात काय येतं बघा: चकचकीत दर्शनी भाग, खोटी शेकोटी, मोठा टीव्ही, निळे दिवे. प्रदर्शनात दहा मिनिटं आत उभ्या राहणाऱ्या जोडप्याला जे दिसतं त्यावर तुम्ही सढळ खर्च करता. सीलंट दिसत नाही, चकती दिसत नाही, टायरची आणि धुऱ्याची ताकद दिसत नाही. तिथे तुम्ही हात आखडता.

दाराजवळ आरव्हीआयए या तुमच्या उद्योगाच्या संघटनेचा शिक्का असतो. त्याच्याकडे बोट दाखवून विक्रेता सांगतो की ही गाडी तपासलेली आहे. वाचकहो, तो शिक्का आग, गॅस, वीज आणि नळ यांच्या सुरक्षिततेच्या मानकांपुरता असतो. फळी सरळ आहे का, छत गळतं का, भिंत चिकटली आहे का, याची हमी त्यात नाही. तरीही विकताना त्याचा वापर तसाच होतो, आणि तुम्ही तो होऊ देता.

आता गाडी बिघडल्यावर काय होतं ते सांगते, कारण तुमचं खरं कसब तिथे आहे. मोटार सतत बिघडली तर गिऱ्हाइकाला वाचवणारे लेमन लॉ इथे राज्याराज्यांत आहेत. तुमच्या इंडियानाच्या कायद्यात मोटरहोमला स्पष्ट वगळलेलं आहे, आणि स्वतःच्या इंजिनावर न चालणारा ट्रेलर तर व्याख्येतच बसत नाही. इतर अनेक राज्यांत मोटरहोमची चासी आणि इंजिन कायद्यात येतं, राहण्याचा भाग येत नाही. म्हणजे चालते ती गाडी, राहतो ते घर, आणि कायद्यापुढे ती धड गाडीही नाही नि घरही नाही. उरतो १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा, वॉरंटीपुरता. तिथेही अनेक वॉरंट्यांमध्ये एक कलम घातलेलं असतं: दावा करायचा तर इंडियानाच्या कोर्टात. अॅरिझोनातल्या निवृत्त शिक्षिकेने गळक्या छतासाठी एल्कहार्टला येऊन वकील करावा! हे कलम लिहिणाऱ्या माणसाने त्या दिवशी फार बारकाईने काम केलं. तेवढी बारकाई छतावर दाखवली असती तर कलमाची गरज पडली नसती.

डीलरकडे गेलं तर तो दोन महिन्यांनंतरची तारीख देतो. गाडी दुसरीकडून घेतली असेल तर बहुधा दारातूनच परत पाठवतो. मी त्यालाही पूर्ण दोष देत नाही. वॉरंटीच्या प्रत्येक कामाला किती तास लागावेत हे तुम्ही ठरवता. पाणी कुठून येतं ते शोधायला दिवस जातो, तुम्ही पैसे देता ते सीलंटची रेघ ओढायच्या वेळेचे. तो मग शोधतच नाही. दिसेल तिथे सीलंट फासतो, गाडी परत करतो, पुढच्या पावसात गाडी परत त्याच्या आवारात. आमचा ट्रेलर असा एक अख्खा उन्हाळा डीलरच्या आवारात उभा राहिला. इथल्या उत्तरेकडच्या राज्यांत उन्हाळा केवढासा असतो! हप्ते मात्र चालू होते, विमा चालू होता. आणि वॉरंटीचं वर्षही चालूच होतं. आवारात गेलेल्या महिन्यांसाठी तुम्ही ते एक दिवसानेही वाढवलं नाही.

हे सगळं असंच चालायचं, चाकांवरचं घर गळणारच, असं मला कुणी सांगू नये. १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला रे ओलेको नावाच्या माणसाने बोलर नावाचा छोटा ट्रेलर काढला. फायबरग्लासची दोन ओतीव शकलं, एक वरचं आणि एक खालचं, मधोमध जोडलेली. छताला सांधा नाही, कोपऱ्याला सांधा नाही. पाण्याला शिरायला जागाच कमी ठेवली. त्याच धर्तीवर मिनेसोटातल्या बॅकस गावी स्कॅम्प ट्रेलर १९७० च्या दशकापासून बनताहेत. पन्नास वर्षांपूर्वीचे बोलर आणि स्कॅम्प आजही कॅम्पग्राउंडवर दिसतात, आणि त्यांचे मालक ते विकायला तयार नसतात. ओहायोत जॅक्सन सेंटरला एअरस्ट्रीमच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याला आजही दोन माणसं, एक आत आणि एक बाहेर, मिळून रिव्हेट ठोकतात. हे ट्रेलर छोटे आहेत किंवा महाग आहेत, सगळ्यांना पुरणार नाहीत, मान्य. पण पाणी कुठून शिरेल याचा विचार कागदावरच करता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

तुमच्या चौकोनी ट्रेलरलाही मार्ग आहे आणि तो तुम्हाला माहीत आहे. बंद ट्रेलरच्या आत पंख्याने हवेचा दाब वाढवायचा, बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे बुडबुडे येतात तिथे गळती. यंत्र बाजारात मिळतं, काही कारखाने ते वापरतात. काही जण पाण्याच्या फवाऱ्याखाली गाडी उभी करतात. आमच्या त्या दिव्यामागून बुडबुडे निघायला किती वेळ लागला असता?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ट्रेलर, नमुन्यादाखल एखादा नव्हे, प्रत्येक, दाराबाहेर पडण्याआधी दाबाखाली तपासा, आणि तपासणाऱ्याचं नाव व तारीख आतल्या कपाटावर लावा. मजुरी आकड्यावर द्यायची तर निर्दोष निघालेल्या ट्रेलरच्या आकड्यावर द्या. परत आलेला ट्रेलर त्यातून वजा करा आणि दोष दाखवून ओळ थांबवणाऱ्याला बक्षीस द्या. गाडी दुरुस्तीसाठी आवारात जितके दिवस, तितके वॉरंटीत वाढवा. दोष शोधण्याच्या वेळेचे पैसे डीलरला द्या. इंडियानाच्या कोर्टाचं कलम काढून टाका. भिंत आणि छत यांची हमी निदान कर्जाच्या निम्म्या मुदतीइतकी असू द्या. यातलं काहीही नवं संशोधन मागत नाही. मोटारीच्या धंद्यात यातल्या बऱ्याच गोष्टी मी नोकरीला लागले तेव्हाच जुन्या झाल्या होत्या.

आणि मराठी वाचकहो, हे होईपर्यंत तुम्ही घाई करू नका. नवी घ्यायची तर सही करण्याआधी स्वतंत्र निरीक्षक नेमा. त्याचे काही शे डॉलर हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत शहाणा खर्च. त्याला छतावर चढू द्या, भिंतींना ओल मोजायचं यंत्र लावू द्या. डीलरला पाणी, वीज, गॅस जोडून द्यायला सांगा आणि प्रत्येक नळ, प्रत्येक खटका, भट्टी, स्लाइड-आउट स्वतः चालवून बघा. कपाटाच्या आत, पलंगाखाली, कोपऱ्यात नाक नेऊन वास घ्या. शेवटचे पैसे सगळे दोष दुरुस्त झाल्यावरच द्या, आधी नाही. नाहीतर तीन-चार वर्षं वापरलेली, कोरडी राहिलेली गाडी शोधा. ज्याने ती सांभाळली त्याने तुमचे पहिले दोन उन्हाळे वाचवलेले असतात. विक्रेता म्हणेल की ही सवलत आज संध्याकाळपर्यंतच आहे. उद्याही असते.

कारखानदार महोदय, तुमच्याकडून मला माफी नको, कूपन नको आणि ग्राहक सेवा विभागाचं छापील पत्र तर मुळीच नको. उत्तर पाठवणार असाल तर एकच आकडा लिहून पाठवा: काल तुमच्या दारातून जेवढे ट्रेलर बाहेर पडले, त्यांतल्या किती ट्रेलरवर तुम्ही पाणी मारून बघितलं होतं?

आपली एक गिऱ्हाईक,
मिशिगन